गाय गिब्सन (मास्टर बॉम्बर)

गाय पेनरोज गिब्सन (12 ऑगस्ट 1918 – 19 सप्टेंबर 1944) हा दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश रॉयल एअर फोर्सचा बॉम्बर पायलट, हुद्दा विंग कमांडर, व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटनच्या सर्वोच्च शौर्यपदकाचा मानकरी. जन्म आपल्याकडचा, सिमल्याचा. वडील ब्रिटिश सरकारच्या जंगल खात्यात नोकरीला होते. सहा वर्षांचा असताना आई मुलांना घेऊन इंग्लंडला परत गेली आणि पुढे तो तिकडेच वाढला. मेला तेव्हा वय 26. जर्मनीतली धरणं फोडणारा म्हणून त्याचं नाव घेतात आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात, पण तो मेला कसा हे समजून घ्यायचं तर धरणांवर त्याने सुरू केलेली रेडिओची पद्धत आधी बघायला लागते.

1936 मध्ये भरती झाला, आणि 3 सप्टेंबर 1939 ला, म्हणजे ब्रिटनने युद्ध जाहीर केलं त्याच दिवशी, हॅम्पडेन बॉम्बर घेऊन पहिल्या मोहिमेवर गेला. ठरलेल्या फेऱ्या झाल्या की पायलटला विश्रांती म्हणून ट्रेनिंगच्या कामाला पाठवायचे. याने ती विश्रांती टाळून नाइट फायटर, म्हणजे रात्री शत्रूची विमानं पाडणारं विमान, मागून घेतलं, तिथून 1942 मध्ये परत बॉम्बरवर, 106 स्क्वाड्रनचा (विमानांच्या तुकडीचा) प्रमुख म्हणून. माणूस सगळ्यांचा लाडका वगैरे अजिबात नव्हता. कडक, थोडा बढाईखोर, ग्राउंड क्रूशी तुटक वागणारा, आणि हाताखालचे काही जण त्याला माघारी 'बॉय एम्परर' म्हणायचे. पण अवघड टार्गेट असलं की स्वतः पुढे, हे त्याच्यावर खार खाणारेही मान्य करायचे.

मार्च 1943 मध्ये जर्मनीतली धरणं फोडायच्या खास कामासाठी 617 स्क्वाड्रन उभं केलं आणि ते त्याच्याकडे दिलं. त्यासाठी बनवलेला इंजिनिअर बार्न्स वॉलिसचा 'अपकीप' बॉम्ब चार टनांच्या वर, पिंपासारखा गोल, सोडायच्या आधी उलटा गरगर फिरवायचा म्हणजे तो पाण्यावर टप्पे घेत धरणाच्या भिंतीपर्यंत जातो आणि तिथे बुडून फुटतो. त्यासाठी रात्री, तोफांच्या माऱ्यात, पाण्यापासून बरोबर 60 फुटांवरून उडायचं. एवढ्या खाली उंचीमापकावर भरवसा नाही, म्हणून विमानाच्या पोटाला दोन दिवे असे तिरके बसवले की 60 फुटांवर दोन्ही झोत पाण्यावर एकमेकांना चिकटतील. नेव्हिगेटर खाली बघत 'अजून खाली, अजून खाली' सांगणार आणि पायलट ऐकणार!

16 मेच्या रात्री 19 लँकेस्टर बॉम्बर निघाली. म्योने धरणावर पहिला बॉम्ब गिब्सनने टाकला, धरण हललं नाही. दुसरं विमान तोफांनी पेटलं आणि पडलं. मग तिसरं विमान आत शिरताना गिब्सन आपलं विमान त्याच्या बाजूने घेऊन गेला, म्हणजे तोफा दोघांत वाटल्या जातील, आणि पुढच्यांच्या वेळीही असाच मारा स्वतःवर ओढत राहिला, आणि हे सगळं चालू असताना रेडिओवरून एकेकाला नावाने आत बोलावणं, थांबवणं, वाट दाखवणं चालूच. पाचव्या बॉम्बनंतर म्योने फुटलं, नंतर एडर धरणही. झॉर्पे धरण काही फुटलं नाही. 8 विमानं परत आली नाहीत, 133 पैकी 53 जण मेले. खाली पुरात हजाराच्या वर माणसं गेली आणि त्यातले शेकडो तर जर्मनीने जबरदस्तीने आणलेले परदेशी कामगार होते, म्योनेच्या खालच्या नेहाइम गावातल्या कँपातल्या बायका धरून. शौर्याच्या गोष्टीत हा भाग लोक पटकन गुंडाळतात, ते काही बरोबर नाही.

टार्गेटवर घिरट्या घालत बाकीच्यांना रेडिओवर सूचना देणारा माणूस, हेच पुढे 'मास्टर बॉम्बर' नावाने बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे एअर फोर्सच्या बॉम्बर विभागात, रुळलं. बाकीची विमानं बॉम्ब टाकून घरी पळतात, हा मात्र शेवटपर्यंत वरच.

गिब्सन मात्र आता हिरो झाला होता आणि मेलेला हिरो सरकारला परवडणारा नव्हता. ऑगस्ट 1943 मध्ये चर्चिलबरोबर क्वेबेक परिषदेला गेला, कॅनडा-अमेरिकेत भाषणं केली, मग ऑफिसचं टेबल, आठवणींचं पुस्तक, मॅकल्सफील्डमधून कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची उमेदवारी, तीही नंतर सोडली. 170 च्या वर मोहिमा केलेल्या माणसाला फायलींत काय करमणार, त्याने परत उडू द्या म्हणून वरिष्ठांचा पिच्छा पुरवला.

19 सप्टेंबर 1944 ला राइट आणि म्युन्शनग्लाडबाख या जर्मन शहरांवरच्या हल्ल्यात मास्टर बॉम्बर म्हणून तो गेला. विमान मॉस्किटो, 627 स्क्वाड्रनकडून घेतलेलं, ज्याची त्याला फारशी सवय नव्हती. नेव्हिगेटर स्क्वाड्रन लीडर जेम्स वॉरिक. काम उरकून परतताना, रात्री साडेदहाच्या सुमाराला, नेदरलँड्समधल्या स्टेनबर्गन गावाजवळ विमान कोसळून जळालं. तो भाग तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. अवशेष इतके थोडे की दोघांची ओळख पटवणंच अवघड, गिब्सनचं नाव शेवटी एका मोज्यावरच्या लाँड्रीच्या खुणेवरून लागलं. दोघांनाही गावच्या कॅथलिक दफनभूमीत पुरलंय आणि गावात गिब्सन, वॉरिक, मॉस्किटो अशा तिन्ही नावांचे रस्ते आहेत.

विमान का पडलं यावर अजून वाद आहे. एका लँकेस्टरच्या मागच्या गनरने नंतर सांगितलं की आपणच जर्मन विमान समजून गोळ्या झाडल्या, पेपरवाल्यांना ही थिअरी फार आवडते. तोफेचा किंवा जर्मन फायटरचा मारा हीही शक्यता धरतात. मला सगळ्यात पटणारी गोष्ट साधी आहे: मॉस्किटोत एका टाकीतलं पेट्रोल संपत आलं की दुसरी टाकी चालू करायचा कॉक सीटच्या मागे असायचा, तिथे हात नेव्हिगेटरचा पोचायचा, आणि वॉरिकलाही या विमानाचा सराव गिब्सनइतकाच कमी, म्हणजे टाकी वेळेवर बदललीच गेली नसावी.