आंबट आड येतं, गोड आधी जळतं

मागे एका रविवारी दुपारी भाचीचा फोटो आला. ट्रेमध्ये कोंबडीच्या चार तंगड्या, वरून डांबर फासल्यासारख्या काळ्या. एक तंगडी कापून दाखवली होती. काळ्या थराच्या खाली मांस पांढरंफटक, उकडल्यासारखं. खाली एवढंच लिहिलेलं, "मामा, ओव्हन बिघडलाय का?"

कृती तिने फोनवरच्या व्हिडिओतून घेतली होती. अननसाचा रस आणि साखर आटवून सॉस करायचा, त्यात व्हिनेगर नि लाल तिखट घालायचं, तो कोंबडीला चहूबाजूंनी चोपडायचा आणि २०० अंशांवर ४५ मिनिटं भाजायचं. "छान कॅरमलाइज होऊ द्या," असं व्हिडिओतल्या बाई तीनदा म्हणतात.

ओव्हन ठणठणीत होता. घोटाळा त्या 'कॅरमलाइज' शब्दाने केला. तपकिरी झालेलं सगळंच कॅरमल असतं, असा आपला गोड गैरसमज आहे. कॅरमल होते ती नुसती साखर. भाजलेल्या कोंबडीला जो रंग आणि वास येतो तो वेगळ्याच प्रकरणातून, आणि त्यासाठी साखरेला जोडीदार लागतो: प्रथिनांतली अमिनो आम्लं. या प्रकाराला आपल्याकडे फार जुना शब्द आहे, खरपूस. पोळीवरचे डाग, थालीपिठाची भाजणी, आटताना बदामी होणारा खवा, कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण या सगळ्यांत मुख्य काम याच अभिक्रियेचं.

तिला नाव मिळालं ते लुई-कामी मायार या फ्रेंच माणसाचं. १९१२ साली तो ग्लुकोज ही साखर आणि ग्लायसिन हे अमिनो आम्ल एकत्र तापवत होता. स्वयंपाकाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. अमिनो आम्लं एकमेकांना जोडून प्रथिनं कशी घडतात, हे त्याला शोधायचं होतं. प्रथिन राहिलं बाजूला, भांड्यात तपकिरी द्रव झाला. या रंगामागच्या पायऱ्यांचा नीट नकाशा मांडायला १९५३ उजाडलं. तो मांडला अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉन हॉज यांनी.

या नकाशाची पहिली पायरी मला सगळ्यात आवडते. अमिनो आम्लाच्या रेणूत नायट्रोजनचा एक भाग असतो, अमिनो गट. त्यातल्या नायट्रोजनपाशी इलेक्ट्रॉनांची एक जोडी मोकळी असते, कुणाशीही न बांधलेली. समोर ग्लुकोजचा रेणू. तो बहुतेक वेळ कडं करून बसलेला असतो, पण अधूनमधून ते कडं उघडतं आणि टोकाचा कार्बन उघडा पडतो. त्याच्या शेजारचा ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढत असल्यामुळे तो कार्बन जरा धनभारित असतो. नायट्रोजनची मोकळी जोडी नेमकी तिथे जाऊन चिकटते, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि साखर-प्रथिनाची गाठ बसते. मग गाठीतले अणू जागा बदलतात आणि ती पक्की होते. ही अमादोरी पुनर्रचना.

इथवरचं सगळं काही ओव्हनमध्येच घडतं असं नाही, ते आपल्या अंगातही चालू असतं. मधुमेहाच्या तपासणीत 'तीन महिन्यांची साखर' म्हणून जी एचबीए१सी चाचणी होते, ती रक्तातल्या हिमोग्लोबिनला बसलेल्या याच गाठी मोजते. लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते, तेवढ्या काळाचा हिशोब तीत जमा होतो. म्हणजे ३७ अंशांवर आपणही अतिशय मंद आचेवर खरपूस होत असतो.

ओव्हनच्या उष्णतेत ती गाठ पुढे फुटते. तुकडे पुन्हा नव्या अमिनो आम्लांशी भिडतात. त्यात अमिनो आम्लं फुटतात (हे स्ट्रेकरचं विघटन), कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि अॅल्डिहाइडं नावाचे वासाचे रेणू तयार होतात. नायट्रोजनवाले तुकडे जुळून पायराझिनं होतात, त्यांचा वास भाजलेल्या दाण्यांसारखा. सिस्टिन या अमिनो आम्लातलं गंधक मांसाचा म्हणून ओळखू येणारा वास देतं. उरलेले तुकडे एकमेकांना जोडत जाऊन मोठमोठे तपकिरी रेणू होतात, मेलॅनॉइडिनं. एका तंगडीच्या वासात असे शेकडो रेणू असतात. (इथे भाचीने "मामा, पॉइंटवर या" असा निरोप पाठवला.)

तर पॉइंट हा, की सगळा खेळ त्या मोकळ्या इलेक्ट्रॉन-जोडीवर उभा आहे, आणि आम्ल नेमकी तीच पळवतं. आंबट पदार्थात हायड्रोजनचे आयन मुबलक असतात. ते नायट्रोजनला चिकटले, की त्याच्याकडे साखरेला द्यायला काही उरत नाही. मांसातल्या लायसिन या अमिनो आम्लाचा शेपटीकडचा अमिनो गट घ्या. सामू, म्हणजे पीएच (जितका कमी तितका पदार्थ आंबट), साधारण १०.५ असताना असे निम्मे गट मोकळे असतात. त्याच्या बऱ्याच खाली सामू एकाने उतरला, की मोकळे गट दहापट कमी. कोंबडीच्या मांसाचा सामू ६ च्या आसपास असतो, तिथे तीसेक हजारांत एक गट मोकळा. अननसाच्या सॉसचा सामू ३.५ धरा, तिथे कोटीत एक! अभिक्रिया तितक्याच पटीने मंदावते असं नाही, गणित एवढं सरळ नसतं. पण मंदावते नक्की. उलट बाजूने, कांदा परतताना चिमूटभर सोडा टाकला, म्हणजे सामू वाढवला, तर तो चटकन लाल होतो, त्याचंही कारण हेच.

यात एक गंमत आहे. साधी साखर, म्हणजे सुक्रोज, या अभिक्रियेत थेट भाग घेऊच शकत नाही, कारण तिचं अभिक्रिया करणारं टोक बांधलेलं असतं. ते सोडवतं कोण? आम्लच. आंबट रसात साखर उकळली, की काही सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. सॉस चकचकीत राहतो, त्याचे खडे होत नाहीत, त्याला हेही एक कारण. म्हणजे आंबटपणा एका हाताने साखर पुरवतो आणि दुसऱ्या हाताने तिचा जोडीदार लपवून ठेवतो.

आता पाणी. ओव्हनवर २०० लिहिलंय म्हणून कोंबडीचा पृष्ठभाग २०० अंशांवर जात नाही. तो ओला आहे तोवर १०० च्या खालीच राहतो, कारण आलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. उन्हात ठेवलेला माठ गार राहतो, तेच हे तत्त्व. मायार अभिक्रियेला जोर येतो तो १४० अंशांच्या आसपास. ४५ मिनिटं ओल्या, आंबट सॉसचं पांघरूण घेतलेली तंगडी तिथवर पोचणार कशी? शिवाय भाचीने चिकन विदाऊट स्किन आणलेलं, आपल्याकडे बहुतेक जण आणतात तसंच. म्हणजे सुकून कुरकुरीत व्हायला कातडीही नाही, मांसातून पाझरणारं पाणी थेट सॉसमध्ये.

दरम्यान वरचा थर सुकत गेला. फ्रुक्टोज ११० अंशांच्या आसपासच कॅरमल व्हायला लागतं, सुक्रोजला त्यासाठी १६० च्या आसपास जावं लागतं. फळाच्या सॉसमध्ये फ्रुक्टोज भरपूर. त्यामुळे वरची साखर कॅरमल होऊन पुढे कोळसाही झाली, आणि खालचं मांस अजून वाफेतच होतं. फोटोत दिसत होतं ते नेमकं हे.

म्हणून क्रम उलटा करायचा. तंगड्या कागदाने कोरड्या पुसा, मीठ-तेल लावा, बिनसॉसच्या २०० अंशांवर ३०-३५ मिनिटं भाजा. रंग धरला की आटवलेला दाट सॉस लावा, पाचेक मिनिटांनी दुसरा हात, आणखी पाच मिनिटं. आतलं तापमान ७४ अंशांवर गेलं की कोंबडी खायला सुरक्षित. खरं तर हा क्रम आपल्या घराघरांत आहे. आधी वाटण खरपूस परततात, आमसूल शेवटी पडतं. आमसुलामागे डाळ-बटाटा शिजायला आंबट आड येतं हेही कारण आहेच.

आधी भाजल्याने "रस आत कोंडला जातो" असं मात्र नाही. ही समजूत एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाने पसरवली. तव्यावर चरचर ऐकू येते तो रस बाहेर येण्याचाच आवाज असतो.

ताजा अननस असेल तर सॉस उकळूनच घ्यावा. कच्च्या अननसातलं ब्रोमेलेन हे एन्झाइम प्रथिनं कापतं. मटणाला कच्ची पपई लावतो तसाच प्रकार, पण रात्रभर ठेवलं तर मांसाचा लगदा होतो. उकळलं की ब्रोमेलेन निकामी.

ताईने, म्हणजे भाचीच्या आईने, मध्येच विचारलं की साखरेऐवजी मध घातला तर तो तापून विष होत नाही का. हा प्रश्न दर हिवाळ्यात फॉरवर्ड होऊन येतो. मध तापवला की त्यात एचएमएफ नावाचं संयुग वाढतं, हे खरं. त्याची मर्यादा किलोला ४० मिलिग्रॅम ठेवली आहे, उष्ण देशांतल्या मधासाठी ८०. पण ती मध जुना किंवा फार तापवलेला आहे का हे ओळखण्यासाठी. भाजलेल्या कॉफीत एचएमएफ याच्या कितीतरी पट असतं, आणि ताईच्या दिवसाला तीन कप कॉफ्या होतात.

पुढच्या रविवारी दुसरा फोटो आला. बदामी, चकाकत्या तंगड्या, कडेला किंचित काळ्या. खाली निरोप: "आता सोडा लावून बघू?" म्हटलं, बघ, पण चिमूटभरच, जास्त झाला की साबणासारखं लागतं. तिसरा फोटो अजून आलेला नाही.