नवजात सिकलसेल तपासणी आणि परिचर्या

जन्मानंतर लगेच बाळाचे सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) निदान करून त्याची शुश्रूषा व कुटुंबाचे समुपदेशन करण्याची पद्धत. महाराष्ट्रात विदर्भ व नंदुरबार भागात तिची विशेष गरज भासते. ११व्या गुणसूत्रावरील बीटा-ग्लोबिन जनुकातील बदलामुळे हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात.

गावपातळीवरची सोल्युबिलिटी चाचणी (सिकल हिमोग्लोबिन द्रावणात विरघळत नाही यावर आधारलेली सोपी चाचणी) नवजात बाळासाठी चालत नाही. सहा महिन्यांपर्यंत बाळाच्या रक्तात गर्भीय हिमोग्लोबिन (एफ) भरपूर असते, त्यामुळे रोग असूनही ती चाचणी नकारार्थी येऊ शकते. म्हणून एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी प्रयोगशाळेतील चाचणी) करतात. जन्मानंतर २४ ते ७२ तासांत टाचेच्या कडेला टोचतात. मागच्या गोलाईवर टोचल्यास हाडाला इजा होते. पहिला थेंब पुसून टाकतात. टाच पिळू नये, नमुन्यात ऊतकद्रव मिसळतो. रक्ताचे थेंब गाळणकागदावर घेतात व तो सावलीत, आडवा ठेवून तीन-चार तास वाळवतात. बाळाला रक्त द्यायचे असल्यास नमुना त्याआधीच घ्यावा, कारण नंतर दात्याचे हिमोग्लोबिन दिसते.

अहवालातील अक्षरे (एफ म्हणजे गर्भीय, ए म्हणजे सामान्य, एस म्हणजे सिकल हिमोग्लोबिन) प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असतात. ‘एफएएस’ म्हणजे वाहक (एकच सदोष जनुक असलेला, स्वतः रुग्ण नसलेला). ‘एफएसए’ मात्र सिकल-बीटा थॅलेसेमिया, म्हणजे रोगाचाच एक प्रकार, असू शकतो. हे दोन्ही सारखेच समजणे ही गंभीर चूक. ‘एफएस’ (रोगाची दाट शक्यता) आल्यास आईवडिलांचीही तपासणी करून निदान पक्के करतात.

रुग्ण बाळाला साधारण दोन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दिवसातून दोनदा पेनिसिलिन देतात (तीन वर्षांखाली सहसा १२५ मिग्रॅ.), कारण प्लीहा (पानथरी) लवकर निकामी होऊन न्यूमोकोकस या जिवाणूचा संसर्ग जिवावर बेततो. न्यूमोकोकल लसही चुकवू नये. डाव्या बरगडीखाली पानथरी कशी चाचपायची हे आईला तिच्याच हाताने करून दाखवावे. ती एकाएकी वाढली, बाळ पांढरे पडले किंवा ताप ३८.५° से. (सुमारे १०१° फॅ.) झाला, तर घरी थांबू नये. सहा महिन्यांनंतर हातापायांची बोटे सुजणे हे बहुधा पहिले लक्षण. ते मार लागल्याचे समजून सोडून दिले जाते.

समुपदेशन सर्वांत अवघड. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. ‘एकाला झाला, म्हणजे पुढचे तिघे सुटले’ हा समज स्पष्टपणे खोडून काढावा लागतो. दोष सुनेच्या माथी मारला जातो. म्हणून शक्यतो नवऱ्याला सोबत बसवून, जनुक दोघांकडून आल्याचे चित्र काढून समजवावे. वंशावळ तीन पिढ्यांची घ्यावी. ‘नात्यात लग्न झाले का?’ एवढ्यावर न थांबता मामेबहीण, आतेबहीण की भाची, असे नाते विचारावे. पितृत्वाशी न जुळणारा निकाल आला, तर तो नातेवाइकांसमोर कधीही उघड करू नये. आधी डॉक्टर व समुपदेशकाशी बोलावे.