सॅकमधला स्टोव्ह: ‘व्हाइट गॅस’चा घोळ आणि ठाण्यातलं रॉकेल

ठाण्याहून लडाख-स्पितीकडे निघालेल्या मुलांच्या सॅकमध्ये हल्ली पुन्हा एक वस्तू दिसते. तीन-चारशे ग्रॅमचा घडीचा बर्नर, त्याला जोडलेली बारीक नळी आणि नळीच्या टोकाला पंप बसवलेली अॅल्युमिनियमची बाटली. विकत घेतल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात भरायचं काय? सोबतच्या कागदावर ‘व्हाइट गॅस’ लिहिलेलं असतं आणि ठाण्यात त्या नावाने काहीच मिळत नाही. त्या मागचा इतिहास थोडा लांबचा आहे.

तत्त्व जुनंच. टाकीत हवा दाबायची, इंधन वर चढतं, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि बारीक छिद्रातून बाहेर पडून निळी जळते. वात नाही, म्हणून काजळीही नाही. 1892 मध्ये स्टॉकहोममध्ये असा रॉकेलचा स्टोव्ह तयार झाला आणि ‘प्रायमस’ हे त्याचं व्यापारी नाव आपल्या आजीच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलं. दक्षिण ध्रुवावर 1911 मध्ये पोहोचलेल्यांकडे आणि 1953 मध्ये एव्हरेस्ट चढलेल्यांकडे याच जातीचे स्टोव्ह होते. गिर्यारोहकांच्या दृष्टीने मोठा बदल झाला 1973 मध्ये. सिएटलमध्ये टाकी आणि बर्नर वेगळे केले गेले, इंधनाची बाटली हीच टाकी झाली. वर चढणाऱ्यांना पाणी कमी पडतं आणि पाण्यासाठी बर्फ वितळवावा लागतो, हे त्यामागचं कारण होतं. आज हाती येणारा बाटलीवाला स्टोव्ह त्याच घराण्यातला.

आमच्याकडे हे सगळं उशिरा आलं. ऐंशीच्या दशकात ठाण्यातून ट्रेकला जाणाऱ्यांकडे असायचा तो घरचाच पितळी पंपाचा स्टोव्ह, फार तर त्यातला लहान आकार. वजन दीड-दोन किलो. जांभळी नाक्याच्या बाजारात बर्नर, छिद्र साफ करायच्या पिना, वायसर सगळं मिळायचं. निघण्याआधी पंपाच्या चामडी वायसरला गोड्या तेलाचे दोन थेंब, पिनांचं पाकीट आगपेटीबरोबर प्लॅस्टिकमध्ये आणि बर्नर तापवायचा काकडा स्पिरिटच्या बाटलीत बुडवून ठेवलेला. स्टोव्ह नीट तापायच्या आत चावी आवळून पंप मारला की भडका उडतो, हे प्रत्येकाला एकदा भुवया जळल्यावर कळायचं. पण एकदा लागला की हरिश्चंद्रगडाच्या गुहेत, वाऱ्यातही, वीस जणांची खिचडी त्याच्यावर व्हायची. वातीचा स्टोव्ह तिथे टिकत नसे. वारा लागला की धूर आणि टोपाला बोटभर काजळी.

घरच्यांची भीती मात्र वेगळी होती आणि ती खरी होती. त्या वर्षांत वर्तमानपत्रात ‘स्टोव्हच्या भडक्यात विवाहितेचा मृत्यू’ ही ओळ आठवड्याला वाचायला मिळायची, आणि त्यातले कितीतरी भडके स्टोव्हचे नव्हतेच, हे सगळ्यांना माहीत होतं. हुंडाबळीचं कलम 1986 मध्ये आलं ते याच काळात. माझी आई स्टोव्ह सॅकमध्ये भरताना बघत नसे. स्वयंपाकघरात गॅस आल्यावर तिने पहिल्यांदा काही काढून टाकलं असेल तर तो स्टोव्ह, आणि तो माझ्याकडे आला.

आता इंधन. पहिली अडचण गाडीची. आम्ही शेवटच्या कसारा किंवा कर्जत लोकलने निघायचो, आणि रेल्वेत रॉकेल-पेट्रोल नेणं गुन्हा आहे. 1989 च्या रेल्वे कायद्याचं कलम 67 धोकादायक वस्तूंना मनाई करतं, कलम 164 मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इंधनाबाबत हा नियम बरोबरच आहे. भरलेल्या लोकलमध्ये लिटरभर रॉकेल सांडलं तर काय होईल, हे सांगायची गरज नाही. वाद होता तो रिकाम्या स्टोव्हचा. टाकी धुऊन, उघडी ठेवून, वाळवून नेलेला स्टोव्ह धोकादायक वस्तू आहे का? माझ्या मते नाही. पण वास राहतो, आणि तपासणारा नाकावरच जातो. एका स्टेशनवर आमचा कोरडा स्टोव्ह पहाटेपर्यंत अडकून पडला होता, आणि त्या ट्रेकमध्ये चार जणांनी दोन दिवस पोहे भिजवून खाल्ले.

म्हणून मग रॉकेल पायथ्याच्या गावात घ्यायची पद्धत पडली. खिरेश्वर असो की माहुलीचा पायथा, दुकानात निळं रॉकेल मिळायचं. निळं म्हणजे रेशनचं. ते डिझेलमध्ये मिसळलं तर ओळखू यावं म्हणून रंगवलेलं. आम्ही चार पैसे जास्त देऊन ते घ्यायचो आणि दुकानदारही खूश असायचा. ते त्या गावातल्या कोणाच्या तरी कंदिलाचं आणि चुलीचं होतं, हे आमच्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. अर्धा लिटर फार नाही, असं आम्ही म्हणायचो. दर शनिवारी दहा ग्रुप आले की ते अर्धा लिटर राहत नाही.

याच सुमारास परदेशी स्टोव्ह ठाण्यात येऊ लागले, कोणाच्या तरी अमेरिकेतल्या भावाकडून, आणि त्यांच्याबरोबर ‘व्हाइट गॅस’ हा शब्द आला. त्याच्यावर थोडं थांबायला हवं, कारण त्या शब्दाने खरोखरचे अपघात होऊ शकतात.

आपल्याकडे गॅस म्हणजे सिलिंडर. त्यामुळे बहुतेकांची पहिली समजूत अशी की हा स्टोव्ह गॅसवर चालतो. अमेरिकेत ‘गॅस’ हे गॅसोलीनचं, म्हणजे पेट्रोलचं, आखूड रूप. मोटारींच्या पेट्रोलमध्ये 1920 च्या दशकापासून शिसं मिसळू लागले आणि ते ओळखू यावं म्हणून रंगवूही लागले. शिसं नसलेलं, रंग नसलेलं ते ‘पांढरं’. आज त्या नावाने डब्यात मिळतो तो नॅप्थाच्या, म्हणजे पेट्रोलसारख्या हलक्या तेलाच्या, जातीचा स्वच्छ द्रव.

दुसरी समजूत आणखी वाईट: व्हाइट गॅस म्हणजे पांढरं रॉकेल. रेशनच्या निळ्या रॉकेलशेजारी खुल्या बाजारात बिनरंगाचं रॉकेल विकलं जायचं, त्याला लोक पांढरं रॉकेल म्हणत. दोन्ही पांढरी, दोन्ही स्टोव्हची, मग एकच असणार! पण रॉकेलचा ज्वलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो, भारतीय मानकानुसार किमान 35 अंश असावा लागतो, आणि व्हाइट गॅसची वाफ शून्याच्या बरीच खालीही पेट घेते. बाटलीवाल्या स्टोव्हला दोन जेट, म्हणजे वाफ बाहेर सोडणारी छिद्रं, येतात, रॉकेलचं छिद्र बारीक, पेट्रोलचं मोठं. उलटं बसवलं तर एक धुरकटतं, दुसरं दमतं. आणि घरच्या पितळी स्टोव्हमध्ये पेट्रोल कधीच घालायचं नाही. तो त्यासाठी बनलेलाच नाही, तापल्यावर टाकीतला दाब हाताबाहेर जातो.

तिसरं नाव ‘व्हाइट स्पिरिट’. हे ब्रिटिश, आणि ते आपल्या रंगाच्या दुकानातल्या टर्पेंटाइनच्या भावंडासारखं, रॉकेलच्या जवळचं. आणि चौथं आपलं साधं ‘स्पिरिट’, म्हणजे अल्कोहोल, ज्यात वजनामागे उष्णता रॉकेलच्या जेमतेम दोन तृतीयांश. काकडा भिजवायला ते उत्तम, पण बाटलीत भरायला नाही.

यात मला नेहमी वाटतं की मराठी माणसाला हा घोळ नवा नसावा. ‘घासलेट’ हा शब्द ‘गॅसलाइट’वरून आलेला मानतात. म्हणजे एका द्रवाला गॅसचं नाव आपणही शंभर वर्षांपूर्वी देऊन बसलो. त्यामानाने ‘रॉकेल’ प्रामाणिक, ते ‘रॉक ऑइल’वरून आलं. घासलेट म्हणणारे आणि रॉकेल म्हणणारे एकाच रांगेत, एकाच डब्यात तेच घेत होते.

मग खरं व्हाइट गॅस इथे का मिळत नाही? कारण भेसळ. रेशनचं रॉकेल स्वयंपाक आणि उजेडाखेरीज कशाला वापरू नये, असा आदेश 1993 मध्ये निघाला. 2000 मध्ये नॅप्था आणि सॉल्व्हंट यांच्या खरेदी-विक्रीवर स्वतंत्र आदेश आले, कारण ते टँकरने पेट्रोलमध्ये मिसळलं जात होतं. या धंद्याची क्रूरता जानेवारी 2011 मध्ये मनमाडजवळ एका अपर जिल्हाधिकाऱ्यांना जिवंत जाळलं गेलं तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. त्यानंतर कडक नियमांना कोणी विरोध केला नाही आणि करूही नये. पण प्रत्येक कुलूप टँकरवाल्यासाठी बसवलं गेलं आणि अर्ध्या लिटरची बाटली त्याच दाराबाहेर राहिली. तिच्यासाठी वेगळी खिडकी ठेवण्याचा विचार कोणी केल्याचं मला दिसलं नाही, याचं मला वाईट वाटतं. 

पुढे घरोघरी गॅस आला, तसा रेशनचा रॉकेलचा कोटा आटत गेला, आणि मार्च 2020 पासून त्यावरचं अनुदानही शून्यावर आलं. ठाण्यात स्टोव्ह दुरुस्त करत फिरणारे त्याआधीच दिसेनासे झाले होते.

रॉकेलच्या स्टोव्हची जागा ब्यूटेन गॅसच्या डब्यांनी घेतली. सह्याद्रीत ते पुरतात. ब्यूटेन साधारण शून्य अंशाच्या आसपास वाफ द्यायचं थांबवतं, आणि हरिश्चंद्रगडावर डिसेंबरच्या पहाटेही तेवढी थंडी क्वचितच पडते. शिवाय कोरड्या गवतात तीन दगडांची चूल पेटवण्यापेक्षा कोणताही स्टोव्ह बरा. येऊरच्या बाजूच्या जंगलात किंवा अभयारण्यात तर आग पेटवायचीच नाही, मग ती चूल असो की स्टोव्ह. रिकामे डबे गुहेत टाकून येणं ही मात्र नवीन घाण आहे. आमच्या बाटलीने निदान तेवढं केलं नव्हतं.

बाटलीवाल्या स्टोव्हचं खरं काम उरलं ते हिमालयात, जिथे पहाटे डबा गारठतो आणि प्यायचं पाणी बर्फातून काढावं लागतं. विमानात इंधन नेता येत नाही, वापरलेल्या स्टोव्हला वास असला तरी अडवतात, म्हणून इंधन तिथेच घ्यायचं, रॉकेल नाहीतर पेट्रोल. पेट्रोलमधलं शिसं देशभर फेब्रुवारी 2000 पासून गेलं, ही मोठी सोय झाली. आता त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि काही जुन्या रबरी वायसरांना ते मानवत नाही. त्यामुळे परत आल्यावर उरलेलं बाटलीत ठेवू नये, आणि पुढच्या वर्षी निघण्याआधी पंपाचे वायसर काढून बघावेत. माझे गेल्या मोसमात फुगलेले निघाले.