शिंगराचं भविष्य बघायचं तर गुडघ्याच्या खाली बघा

पावसाळा सुरू झाला की पुण्याच्या रेसकोर्सवर सीझन सुरू होतो आणि पॅडॉकच्या (शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या जागेच्या) कठड्याला टेकून उभे असलेले लोक एकच गोष्ट बोलत असतात, "छाती बघ काय रुंद आहे, पुठ्ठे बघ, हा येणारच!" मला घोडा या प्राण्याचं प्रचंड वेड आहे म्हणून हे लिहावंसं वाटलं, कारण छाती-पुठ्ठे बघून घोडा किती जोरात पळेल हे फार कमी कळतं. शरीराच्या ठेवणीवरून जास्त नीट कळतं ते हे की तो पळताना टिकेल की मोडेल. आणि ते ठरतं खाली, पायात.

आपण घोड्याच्या पुढच्या पायाचा गुडघा म्हणतो ते खरं तर त्याचं मनगट आहे. त्याच्याखाली नळीचं हाड, मग फेटलॉकचा सांधा, मग तिरका पॅस्टर्न आणि शेवटी खूर, म्हणजे अख्खा घोडा प्रत्येक पायाच्या मधल्या एकाच बोटावर उभा असतो. गुडघ्याच्या खाली पायाला वळवणारा स्नायू जवळजवळ नाहीच, नुसती हाडं, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आणि लिगामेंट (हाडाला हाडाशी जोडणारा पट्टा). म्हणूनच पाय हलका राहतो आणि झटकन पुढे टाकता येतो.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. नळीच्या हाडामागे बोट फिरवलं तर दोरीसारखा टणक टेंडन हाताला लागतो. भरधाव पळताना प्रत्येक झेपेत एक क्षण असा येतो की सगळा भार पुढच्या एकाच पायावर असतो आणि तो भार वजनाच्या साधारण अडीच पट होतो, म्हणजे ४५० किलोच्या घोड्याचे हजार किलोच्या वर. त्यावेळी फेटलॉक खाली इतका दबतो की जवळजवळ जमिनीला टेकतो, मागचा टेंडन गलोलीच्या रबरासारखा ताणला जातो आणि पाय उचलताना ती ऊर्जा परत देतो. या टेंडनच्या वरच्या टोकाला जो स्नायू आहे त्याचे तंतू खूप आखूड असतात, त्याचं मुख्य काम ओढण्यापेक्षा टोक घट्ट धरून ठेवण्याचं, त्यामुळे पळण्याचा खर्च बराच वाचतो. पण टेंडन साठवलेली सगळी ऊर्जा परत देत नाही, ५-७ टक्क्यांची उष्णता होते, आणि आतल्या गाभ्यातून ती लवकर बाहेर पडत नाही. पळणाऱ्या घोड्याच्या टेंडनच्या गाभ्यात ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापमान मोजलं गेलंय! शिवाय भरधाव वेगात हा टेंडन तुटण्याच्या मर्यादेच्या अगदी जवळ काम करत असतो, राखीव फारसं काही नसतंच.

म्हणून पॅस्टर्न बघायचा. जमिनीशी ४५ ते ५० अंशांच्या आसपास कोन आणि खुराचा उतारही तोच, हे चांगलं समजतात. पॅस्टर्न फार लांब आणि आडवा असेल तर चाल मऊ असते पण फेटलॉक जास्त दबतो, टेंडनवर ताण वाढतो. आखूड आणि उभा असेल तर टेंडन वाचतो पण दणका सरळ सांध्याला आणि खुराला. गुडघा बाजूने बघताना मागे वाकलेला दिसला तर त्यातल्या छोट्या हाडांच्या पुढच्या कडा एकमेकींवर दाबल्या जातात आणि कपच्या उडायची भीती असते, म्हणून जाणकार अशा शिंगरापासून लांब राहतात.

वय पण लक्षात घ्या. फेटलॉकजवळची हाडाची वाढ पहिल्या तीनेक महिन्यांतच जवळजवळ थांबते, गुडघ्याजवळची दोन वर्षांच्या आसपास. म्हणून एक वर्षाच्या शिंगराचा फेटलॉक वाकडा असेल तर तो आपोआप सरळ होईल ही आशा सोडा. उलट अरुंद छातीमुळे पाय थोडे बाहेर वळलेले असतील तर छाती भरल्यावर बरेचदा सुधारतात.

आणि ते भोवरे! मानेवरचा देवमण शुभ, अमुक ठिकाणचा भोवरा मालकाला खातो, चार पाय आणि तोंड पांढरं म्हणजे पंचकल्याणी, हे अजूनही ऐकू येतं. भोवरा म्हणजे केस उगवायची दिशा बदलली एवढंच, टेंडनला त्याचा पत्ता नसतो. चांगल्या जनावराची किंमत नुसत्या भोवऱ्यापायी पडते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पैशांच्या आकड्यालाही भुलू नका. २००६ मध्ये अमेरिकेत 'द ग्रीन मंकी' हा दोन वर्षांचा घोडा १ कोटी ६० लाख डॉलरला विकला गेला, तीन शर्यती पळाला, एकही जिंकला नाही. आणि पुढचा उजवा पाय बाहेर वळलेला 'सिअ‍ॅटल स्लू' फक्त १७,५०० डॉलरला गेला होता, त्याने १९७७ ची ट्रिपल क्राउन, म्हणजे अमेरिकेतल्या तीन मोठ्या शर्यती, तोपर्यंत एकही शर्यत न हरता जिंकली. ठेवणीतून धोका कळतो, हृदय-फुफ्फुसांचा दम बाहेरून दिसत नाही.

विकत घेतल्यावर ट्रेनरच्या हातात काय उरतं? हाड बऱ्यापैकी सुधारतं, कोवळ्या वयात थोड्या थोड्या वेगवान कामाने ते घट्ट होतं. टेंडन मात्र वाढ पूर्ण झाल्यावर फारसा बदलत नाही, आणि एकदा फाटला की व्रणाच्या ऊतींनी भरून येतो, त्या मूळच्याइतक्या लवचिक नसतात, मग तो परत फाटायची शक्यता खूप असते. म्हणून ट्रेनर रोज नळीच्या मागून हात फिरवून बघतात, जरा गरम किंवा फुगलेलं लागलं तर त्या दिवशीचं काम बंद.