भातुकली की भेंड्या? लेखी रोलप्ले आणि साखळी कथा यांतला फरक

आमच्याकडे धानाची रोवणी आटोपली की पोरांना थोडी उसंत मिळते. अशाच एका पावसाळ्यात आम्ही पाच जणांनी व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप काढला आणि ठरवलं की सगळे मिळून गोष्ट लिहायची. पंधरा दिवसांत ग्रुप बंद पडला. भांडण झालं, दोघे बरेच दिवस बोलत नव्हते. कोणाची नियत वाईट नव्हती. आमच्यातले तिघे साखळी कथा लिहीत होते आणि दोघे रोलप्ले खेळत होते, आणि हे दोन वेगळे प्रकार आहेत हेच कोणाला ठाऊक नव्हतं. ‘मिळून गोष्ट लिहू’ या एका वाक्यात दोन्ही मावतात, तिथेच सगळी गफलत झाली.

लहानपणी आपण दोन्ही खेळ खेळलेलो असतो. गाण्यांच्या भेंड्या आठवा. माझी पाळी आली की अख्खं गाणं माझं. शेवटचं अक्षर तुझ्या हाती दिलं की माझं काम संपलं, पुढचं गाणं तू कोणतंही घे. साखळी कथा तशी असते. आता भातुकली आठवा. तू आई, मी बाबा, ती शेजारची काकू. खेळ मोडेपर्यंत मी बाबाच. आईने भाकरी थापली की नाही, ती रुसली की हसली, हे मी सांगायचं नसतं. मी सांगायला गेलो तर आई झालेली पोरगी तिथल्या तिथे भातुकली मोडते. रोलप्ले म्हणजे ही भातुकली, फक्त तोंडाने बोलण्याऐवजी लिहून खेळलेली.

फरक एवढाच आहे, पण बाकीचे सगळे नियम यातूनच निघतात. साखळी कथेत पाळीपुरती पूर्ण गोष्ट तुमच्या ताब्यात येते आणि मग सुटते. रोलप्लेत एकच माणूस तुमच्या ताब्यात असतो, पण शेवटपर्यंत.

दोघांचं मूळही वेगळं आहे. एकाने सोडलेला धागा दुसऱ्याने उचलायचा ही कवींची जुनी रीत. जपानमध्ये तिला रेंगा म्हणतात. 1488 साली सोगी नावाच्या कवीने आपल्या दोन शिष्यांना घेऊन अशी 100 कडव्यांची साखळी गुंफली होती. रोलप्ले मात्र खेळातून आला. अमेरिकेत टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळायचा शौक होता आणि त्यात एकेक खेळाडू अख्खी फौज हलवायचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आणला. त्यात खेळाडूच्या वाट्याला फौजेऐवजी एक माणूस आला: त्याचं नाव, त्याची ताकद, त्याच्या खोडी. पुढे 1978 साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने संगणकावर ‘मड’ नावाचा खेळ रचायला घेतला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. चित्र एकही नाही, सगळं अक्षरांत, आणि एकाच वेळी अनेक माणसं त्या जगात फिरताहेत. आज आपण मोबाइलवर जो लेखी रोलप्ले खेळतो त्याचं नातं या घराण्याशी आहे.

आता हा फरक कागदावर कसा दिसतो ते पाहू. प्रसंग आपल्याच बांधीवरचा, म्हणजे धानाच्या शेतातला घेतो. धानाचं पीक कापणीला आलं आहे, रात्री डुकरं येतात म्हणून सोमाजी नावाचा म्हातारा मचाणावर जागलीला बसला आहे. आधी साखळी कथा.

पहिला लिहितो: ‘मचाणावर सोमाजी एकटाच होता. खाली बांधीत काहीतरी खसखसलं.’

दुसरा लिहितो: ‘डुक्कर नव्हतं. बॅटरीच्या उजेडात डोक्यावर गाठोडं घेतलेली मंजुळा उभी होती. तिला पाहताच सोमाजीला वीस वर्षांपूर्वीचा पूर आठवला आणि त्याचे हात थरथरले.’

तिसरा लिहितो: ‘सकाळी गाव गोळा झालं तेव्हा मचाण रिकामं होतं.’

मस्त चाललंय. दुसऱ्याने सोमाजीच्या मनात पूर घातला, तिसऱ्याने अख्खी रात्र गिळून टाकली, तरी पहिल्याने तक्रार करायचं कारण नाही. सोमाजी त्याच्या एकट्याचा नव्हताच. उलट पुढच्याने काय उलथापालथ केली हे वाचण्यातच साखळी कथेची मजा आहे.

तोच प्रसंग रोलप्लेत. इथे सोमाजी एकाचा आणि मंजुळा दुसरीची.

‘सोमाजीने घोंगडं बाजूला सारलं आणि बॅटरी खाली धरली. “कोण आहे थे? बोल, नाही त गोटा मारतो.” उजेड बांधीवरून हळूहळू सरकत गेला आणि एका जागी थांबला.’

‘उजेड डोळ्यांवर आला तशी मंजुळाने हात आडवा धरला. गाठोडं मात्र डोक्यावरून उतरवलं नाही. “मारू नोको बाबाजी. वाट चुकली. पाणी भेटन का?” मचाणाच्या शिडीपासून ती चार पावलं दूरच राहिली.’

दुसरा तुकडा पुन्हा एकदा वाचा, कारण रोलप्लेचं सगळं कसब त्यात आहे. तिने सोमाजीबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. तो घाबरला का, त्याने ओळखलं का, त्याला दया आली का, हे तिने त्याच्यावर सोडलं. पण हातावर हात ठेवून ती बसलेलीही नाही. गाठोडं न उतरवणं हा एक धागा, पाणी मागणं हा दुसरा, चार पावलं दूर राहणं हा तिसरा. सोमाजी लिहिणाऱ्याला यातला कोणताही धागा ओढता येतो. तो पाणी देईल, नाही म्हणेल, गाठोड्यात काय आहे ते विचारेल. चांगल्या रोलप्लेची खूण मी यावरूनच धरतो: तुमचं लिहून झाल्यावर समोरच्याला धरायला काही उरलं आहे की नाही. नवी मुलं फार सुंदर वर्णन लिहितात, चांदणं, दव, रातकिडे, आणि शेवटी ‘ती गप्प उभी राहिली’ म्हणून सोडून देतात. समोरच्याने त्या गप्प उभ्या माणसाचं करायचं काय?

याच जागी बिघडलेला तुकडा असा दिसतो: ‘मंजुळाने झडप घालून सोमाजीची बॅटरी हिसकावली. सोमाजी घाबरून मचाणावरून खाली पडला.’ साखळी कथेत हे खुशाल चालेल. रोलप्लेत हा सर्वांत मोठा गुन्हा आहे. दुसऱ्याचं पात्र परस्पर हलवायचं, त्याला पाडायचं, घाबरवायचं, याला खेळणारे पॉवरप्ले म्हणतात. आपल्या पात्राला कोणाचाच मार लागू द्यायचा नाही, प्रत्येक वार चुकवायचा, प्रत्येक कुलूप उघडायचं, याला गॉडमोडिंग म्हणतात. काही ठिकाणी दोन्हींना मिळून हाच शेवटचा शब्द वापरतात. दुरुस्ती अगदी सोपी आहे: प्रयत्न लिहायचा, परिणाम लिहायचा नाही. ‘मंजुळाने बॅटरीकडे हात टाकला.’ हात पोचला का, बॅटरी कोणाकडे राहिली, ते सोमाजी सांगेल. काही गट अशा वेळी फासे टाकून निकाल लावतात, काहींत सूत्रधार असतो आणि त्याचा शब्द शेवटचा. पाच-सहा ओळखीच्या माणसांत मात्र आपसात विचारून घेणंच बरं पडतं.

आमचा ग्रुप मोडला तो याच कारणाने. एकाने रात्री बसून लांबलचक मजकूर टाकला आणि त्यात बाकीच्या चौघांच्या पात्रांची लग्नं लावली, एकाला वाघाच्या तोंडी दिलं. त्याच्या लेखी तो गोष्ट पुढे नेत होता. ज्याचं पात्र मेलं त्याने तीन दिवस जपून उभा केलेला माणूस एका ओळीत गेला होता. दोघेही आपापल्या खेळाच्या नियमाने बरोबर होते, हे मला फार उशिरा कळलं.

मेटागेमिंग हा दुसरा दोष फक्त रोलप्लेतच संभवतो. समजा मंजुळाच्या ओळखपत्रिकेत, म्हणजे खेळाआधी लिहून ठेवलेल्या पात्राच्या माहितीत, लिहिलं आहे की गाठोड्यात सावकाराची वही आहे. ती पत्रिका सगळ्या खेळणाऱ्यांनी वाचलेली असते. पण सोमाजीने नाही. तो मचाणावरून ‘दे थे वही इकडं’ म्हणाला की खेळातला जीव गेला. मला काय ठाऊक आणि माझ्या पात्राला काय ठाऊक, या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवायला लागतात. साखळी कथेत हा प्रश्नच येत नाही, तिथे लिहिणारा निवेदक असतो आणि निवेदकाला सगळं माहीत असलेलं चालतं. अशाच कारणाने पात्राचं बोलणं आणि खेळणाऱ्याचं बोलणं वेगळं दाखवावं लागतं. ‘उद्या माझा पेपर आहे, रात्री लिहितो’ हे सोमाजी बोलत नाही. असा मजकूर दुहेरी कंसात टाकतात किंवा त्यासाठी वेगळा ग्रुप ठेवतात. या पात्राबाहेरच्या बोलण्याला ओओसी म्हणतात.

झाडीपट्टीतल्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातल्या माणसाला वाटेल, हे तर आपलं नाटकच झालं. पूर्ण तसं नाही. गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक कंपन्या दिवाळीनंतर गावोगाव जी नाटकं करतात त्यांत संवाद लिहिलेले असतात, शेवट ठरलेला असतो. रोलप्लेला जवळची आहे ती खडी गंमत, आपल्याकडची उभ्याने सादर होणारी लोककला. तिथे सोंग ठरलेलं असतं, विषय ठरलेला असतो, पण बोलणं जाग्यावर सुचतं. एकाने फेकलेला शब्द दुसऱ्याने झेलायचा आणि त्याला उत्तर द्यायला जागा ठेवून परत फेकायचा. ज्याने बापाला किंवा आजोबाला गंमतीत उभं राहिलेलं पाहिलं आहे, त्याला रोलप्ले शिकवावा लागत नाही असं माझं मत आहे.

मराठीत लिहिताना एक अडचण आपली खास आहे. इंग्रजीत ‘मी’ने लिहिलं तर बाई की पुरुष ते क्रियापदावरून कळत नाही. आपलं तसं नाही. मुलगा मंजुळा लिहीत असेल तर ‘मी आलो’ निसटून जातं आणि चित्र मोडतं. त्यातही आपल्याकडच्या बाया ‘मी आली’ म्हणतात, पुस्तकातली ‘मी आले’ म्हणते. म्हणून सुरुवातीला तृतीयपुरुषी लिहा: ‘मंजुळा आली’. निवेदन प्रमाण मराठीत आणि तोंडचं बोलणं गावाच्या बोलीत, हा मेळ मला सर्वांत भावतो. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ असं पात्र बोलू लागलं की ते श्वास घेतं. फक्त सगळ्याच पात्रांना एकच बोली देऊ नका. तलाठी बाहेरचा असेल तर तो वेगळा बोलेल.

कोणता प्रकार निवडायचा? ज्यांना वेळ कमी आहे, ज्यांची रेंज झाडाखाली उभं राहिल्याशिवाय लागत नाही, त्यांनी साखळी कथा घ्यावी. आठवड्यात एकदा पाळी आली तरी चालते आणि कोणी मधूनच गळला तर त्याला वगळून पुढे जाता येतं. रोलप्लेत एक जण गप्प झाला की त्याच्यासमोरचं पात्र अधांतरी लटकतं. त्यामुळे आधी वेग ठरवा. दोन दिवसांत एक तुकडा, एवढं ठरलं तरी पुष्कळ. रोवणीत, कापणीत, परीक्षेत थांबायचं असेल तर तसं आधी सांगून ठेवा.

ठरलं तर एक पात्र घ्या, साधं घ्या. पहिल्याच वेळी राजकुमार, मांत्रिक, सात गावांत कोणी हरवू न शकणारा पैलवान नको. त्याला काय हवं आहे, कशाची भीती आहे आणि त्याला काय येत नाही, या तीन गोष्टी लिहून काढा. तिसरी विसरू नका. सोमाजीला रात्रीचं नीट दिसत नाही, म्हणून तर बॅटरीला महत्त्व आलं. चालू खेळात शिरायचं असेल तर आधी आठ दिवस नुसतं वाचा आणि मग सूत्रधाराला विचारून या. टाइप करायचा कंटाळा असेल तर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर बोलूनही मराठी लिहिता येतं. बोली मात्र तो सुधारून टाकतो, ती हाताने परत बिघडवावी लागते.

अनोळखी लोकांत खेळताना, विशेषतः मुलींनी, एक गोष्ट नक्की पाळावी. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपात आपला नंबर इतरांना दिसू शकतो, त्यामुळे अनोळखी गटासाठी डिस्कॉर्डसारखी टोपणनावाने चालणारी जागा निवडा. खरं नाव, गाव, शाळा, फोटो काहीही देऊ नका. पात्रांचं प्रेम जमलं म्हणून खेळणाऱ्यांचं जमत नाही, आणि एखादा प्रसंग नकोसा वाटला तर ओओसीत ‘हे नको’ एवढं म्हणणं पुरेसं असलं पाहिजे. जिथे ते पुरत नाही तो गट सोडा.

त्या मोडलेल्या ग्रुपानंतर वर्षभराने आम्ही पुन्हा जमलो, या वेळी सुरुवातीलाच रोलप्ले असं ठरवून. वर दिलेला बांधीवरचा प्रसंग त्याच खेळातला आहे. चार महिन्यांनी मंजुळा लिहिणारीची बारावी आली आणि तिला थांबावं लागलं. साखळी कथा असती तर मंजुळाचं पुढे काय करायचं ते आम्ही ठरवलं असतं. इथे आम्ही तिला शेवटचा तुकडा लिहायला सांगितला आणि दोन दिवस कोणीच काही टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी आला: ‘पहाटेची एसटी थांबली. मंजुळाने गाठोडं सोमाजीच्या पायाशी ठेवलं आणि चढली. वळून पाहिलं नाही.’

ते गाठोडं उघडायचं की नाही, हे आता सोमाजीने ठरवायचं होतं.