वेब ॲप्लिकेशनच्या चाचणीसाठी टूल निवडताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘सेलेनियम घ्यायचं की प्लेराइट?’ असं या दोन चाचणी टूलबद्दल बरेच ग्राहक पहिल्याच भेटीत विचारतात. त्यावर आम्ही उलट विचारतो, की तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकं काय बिघडलं तर रात्री तुम्हाला फोन येईल? याचं उत्तर मिळालं की टूल ठरवायला फार वेळ लागत नाही.

या टूलनी होते ती एंड-टू-एंड, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंतची चाचणी. तीत स्क्रिप्ट (आधी लिहून ठेवलेल्या सूचना) खराखुरा ब्राउझर उघडते, लॉगिन करते, माल निवडते, बिल काढते आणि पडद्यावर यायला हवं तेच आलं का ते बघते. माणूस करतो तेच काम, फक्त दर बदलानंतर आणि न कंटाळता.

बेळगावच्या उद्यमबागेतली एखादी फाउंड्री घ्या. एक लाखाचा, १८ टक्के दराचा माल निपाणीच्या गिऱ्हाइकाला गेला तर बिलात ९,००० सीजीएसटी आणि ९,००० एसजीएसटी लागतो. तोच माल कागलच्या गिऱ्हाइकाला गेला की सरळ १८,००० आयजीएसटी, कारण मध्ये राज्याची हद्द आली. गिऱ्हाइकाच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे २९ (कर्नाटक) आहेत की २७ (महाराष्ट्र), हे सॉफ्टवेअरने ओळखायला हवं. गंमत अशी की दोन्ही बिलांची बेरीज १,१८,०००च येते, त्यामुळे कराचा रकाना चुकला तरी काउंटरवरच्या माणसाच्या नजरेत भरत नाही. रिटर्न भरायची वेळ आली की मग धावपळ. आपल्या भागातल्या कुठल्याही बिलिंग सॉफ्टवेअरला या दोन टेस्ट हव्यातच, टूल कोणतंही असो.

आता टूलबद्दल

सेलेनियम २००४ पासूनचं आहे. जावा, पायथन, सी शार्प, रुबी अशा अनेक भाषांत त्याच्या टेस्ट लिहिता येतात. त्याचं वेबड्रायव्हर, म्हणजे ब्राउझरला हुकूम देण्याची पद्धत, २०१८ साली डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत मानक झालं आणि ते जाणणारी माणसंही सहज मिळतात. अडचण येते ती थांबण्याची. बटण पडद्यावर यायच्या आत स्क्रिप्टने क्लिक केलं की टेस्ट फेल. मग कोणीतरी घाईत ‘पाच सेकंद थांब’ असं लिहून मोकळं होतं. नेट मंद असेल त्या दिवशी पाच सेकंदही पुरत नाहीत. अशी कधी पास, कधी फेल होणारी टेस्ट नसलेली बरी, कारण महिन्याभरात लाल खूण दिसली तरी कोणी तिकडे बघत नाही.

सायप्रेस ब्राउझरच्या आतच चालतं आणि प्रत्येक पायरी डेव्हलपरला डोळ्यांसमोर दिसते. तुमच्याकडची पोरं जावास्क्रिप्टवाली असतील तर त्यांना ते आवडेल. पण पतसंस्थेच्या कामात क्लार्कने नोंद करायची आणि मॅनेजरने तिथल्या तिथे मंजूर करायची, असे दोन लॉगिन शेजारी शेजारी चालवायचे असले की सायप्रेसमध्ये कसरत होते.

प्लेराइट मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलं. दोन वेगळे लॉगिन एकाच टेस्टमध्ये ते सहज सांभाळतं आणि बटण क्लिक करण्याजोगं होईपर्यंत आपणहून थांबतं. टेस्ट फेल झाली तर कुठल्या पायरीला पडदा कसा होता, हे मागे जाऊन बघता येतं. पोरांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच वाचतो. क्रोमियम (क्रोमचा गाभा), फायरफॉक्स आणि वेबकिट (सफारीचा गाभा) या तिन्हींवर ते चालतं. मात्र वेबकिटवर पास झालं म्हणजे आयफोनच्या सफारीवर चालणारच, असं धरू नका. शेवटी एकदा हातात फोन घ्यावाच लागतो.

नवीन काम असेल तर आम्ही प्लेराइटच सुचवतो. जावामधल्या सेलेनियमच्या टेस्ट आधीपासून नीट चालत असतील तर त्या मोडून नव्याने लिहायला आम्ही सांगणार नाही. तो खर्च वायफळ. तिन्ही टूल फुकट आहेत, सायप्रेसची क्लाउड सेवा तेवढी ठरावीक वापरापुढे पैसे घेते. तुमचे पैसे जातात ते टेस्ट लिहिण्यात आणि पुढे सांभाळण्यात. टूलच्या मागे कोण उभं आहे हेही बघावं लागतं. अँग्युलर या वेब फ्रेमवर्कसाठीच्या प्रोट्रॅक्टर या चाचणी टूलचा आधार २०२३ मध्ये संपला आणि त्यावर विसंबलेल्यांना टेस्ट दुसरीकडे हलवाव्या लागल्या.

तीन भाषांचं सॉफ्टवेअर

आपल्याकडे एकच स्क्रीन मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लागते. स्क्रिप्टने बटण ‘जतन करा’ या शब्दांवरून शोधलं तर भाषा बदलून तिथे कन्नड ‘उळिसि’ आलं की टेस्ट अडकते. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या बटणाला आतून एक कायमची ओळखखूण द्यायला आम्ही तुमच्या डेव्हलपरला सांगतो. काम थोडं किचकट आहे, पण एकदाच करायचं. छापील पावतीवरची कन्नड जोडाक्षरं मात्र आम्ही डोळ्यांनीच तपासतो. पीडीएफमधला मजकूर बरोबर असून छपाईत अक्षरं फुटलेली असू शकतात.

ओटीपीचे खरे एसएमएस आम्ही टेस्टमधून पाठवत नाही आणि पेमेंट गेटवेही टेस्ट मोडवरच ठेवतो. खऱ्या खातेदारांच्या डेटाला हात लावत नाही. त्यासाठी वेगळा सर्व्हर लागेल, त्याचा खर्च कोटेशनमध्ये स्वतंत्र दाखवलेला असतो.

टेस्टचा सगळा कोड तुमच्याच खात्यात राहील. उद्या दुसऱ्या कोणाला काम दिलंत तर तो तसाच त्यांच्या हाती देता येईल. पहिल्या भेटीला येताना हिशेब बघणाऱ्या माणसाला सोबत आणा. कुठल्या बिलात घोळ होतो हे त्यांनाच पक्कं ठाऊक असतं.