गाठ बांधण्याआधी वैरण वाळली का?

बेलरचं, म्हणजे वैरणीच्या गाठी बांधणाऱ्या यंत्राचं, प्रात्यक्षिक सुरू झालं की धुऱ्यावरच्या गर्दीतून पहिला प्रश्न ठरलेला: ‘घंट्याले किती गाठी काढते?’ प्रश्न रास्त आहे. मजूर मिळत नाहीत, आणि हार्वेस्टर धान कापून गेला की तणस वावरभर पसरलेली राहते. पण ढोरांपुढे पुढे काय पडणार, हे गाठींच्या संख्येपेक्षा त्या बांधतानाच्या ओलाव्यावर ठरतं. ते विचारणारा विरळाच.

हिरव्या चाऱ्यात पाणी ८० टक्के धरलं, तर १०० किलोमागे कोरडा ऐवज फक्त २० किलो. गाठ सुरक्षित राहायची तर ओलावा १५ ते १८ टक्क्यांवर यायला हवा. म्हणजे सुमारे ७६ किलो पाणी ऊन-वाऱ्यानं उडवायचं. पान लवकर वाळतं, कांडी मागे राहते. तिच्यावर मेणाचा पातळ थर असतो. म्हणून काही कापणी यंत्रांना रोलर जोडलेले असतात. ते कांडी चेपतात, तिला चिरा पडतात, पाण्याला वाट मिळते. लसूणघासाचं मात्र उलटं संकट. त्याची बहुतेक प्रथिनं पानात, आणि भर उन्हात रेक, म्हणजे चारा उलटवून ओळीत ओढणारं दातेरी अवजार, फिरवला की पानांचा चुरा होऊन जमिनीवर पडतो. असा चारा सकाळी, थोडी दमट हवा असताना उलटवावा.

ओली गाठ का बिघडते? कापलेलं झाड लगेच मरत नाही. ओलावा साधारण ४० टक्क्यांखाली जाईपर्यंत पेशींचं श्वसन चालू राहतं. साखर जळते, उष्णता निघते. पुढचं काम बुरशी आणि जिवाणू करतात. घट्ट गाठीत ही उष्णता कोंडते. तापमान ५५ अंशांच्या पुढे गेलं की साखर आणि प्रथिनं एकमेकांना चिकटतात. भाकरी खरपूस होते ती याच क्रियेनं. वैरण तपकिरी होते, तिला तंबाखूसारखा वास येतो, आणि गंमत म्हणजे जनावरं ती चवीनं खातात. त्यातली बरीच प्रथिनं मात्र पचत नाहीत, शेणावाटे निघून जातात. तापमान आणखी चढलं तर गंजी आपोआप पेटूही शकते.

प्रात्यक्षिकात यंत्र थांबलं की मूठभर वैरण उचलून पिळून पाहावी. काडी कटकन तुटायला हवी. नुसती वाकली तर अजून ऊन द्यावं. दुसरी युक्ती बरणीची: कोरड्या काचेच्या बरणीत बारीक चारा आणि कोरडं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवायचं. मिठाचे गोळे झाले, तर गाठ बांधायची घाई नको. रेकचे दात किती खाली चालतात, तेही बघा. काळ्या मातीची ढेकळं वैरणीत आली तर खाणं कमी होतं.

पूर्व विदर्भातल्या तणशीची कथा वेगळी. ती कितीही नीट वाळवली तरी प्रथिनं ३-४ टक्केच, त्यामुळे इथे उलट युरियाचं पाणी घालावं लागतं. १०० किलो तणशीला ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडायचा, थर दाबायचे आणि प्लास्टिकखाली २१ दिवस हवाबंद ठेवायचं. युरियातून सुटणारा अमोनिया बुरशीला वाढू देत नाही आणि कडक तंतूही सैल करतो. खाऊ घालण्याआधी तणस पसरून वास उडू द्यावा. सहा महिन्यांखालच्या वासरांना ती देऊ नये.